चौथं भोक

बाकडं आधी उलटं करून बघावं.
वरून सगळीच सारखी: काळी, चिकट,
तेल पिऊन पिऊन चामड्यागत झालेली.
खालच्या अंगाला लाकूड अजून लाकूड असतं,
आणि सुताराने तिथं रंधा मारलाय की नाही
यावरून सुतार कळतो.

उद्यमनगरात कुणी शटर कायमचं ओढणार असेल
तर मला फोन येतो.
"भंगारवाला साडेचार म्हणतोय. तू किती म्हणतोस?"
मी काहीच म्हणत नाही. टॉर्च घेऊन जातो.

खणाला नाक लावतो. रॉकेल मागे राहिलेलं असतं,
माणूस गेला तरी.
बॅटरीच्या पाण्याने फळीला पडलेली भोकं
वाळवीची नसतात, त्यांच्या कडा जळक्या.
चौकोनी डोक्याचा बोल्ट दिसला
तर तोंडावर काही दिसू द्यायचं नाही,
मालक बघत असतो.

रंग नखाने खरवडायचे.
सगळ्यात खाली हिरवा, लष्कराच्या डिस्पोजलमधला.
त्यावर करडा, कुणाच्या तरी अँबॅसॅडरचा उरलेला.
वर निळा, थोरलीच्या लग्नात गॅरेजला दिला तेव्हाचा.
हे मला दस्तगीर मिस्त्रीनं सांगितलं
स्वतःच्या कपाटावर हात ठेवून,
आणि चहा पाजून म्हणाला, "इकायचं न्हाई."

शाहूपुरीत नाल्याकडच्या गल्लीतून एक आणलं.
एकोणीसच्या पुराची रेघ तिसऱ्या खणावर,
खालचे दोन फुगून बसलेले. ओढले नाहीत.
ओढला की बूड तेवढं हातात येतं.
मे महिन्यात एका दुपारी आपसूक सुटले.
आत गाळ, जावाचे दोन प्लग,
आणि खणाच्या आतल्या फळीवर पेन्सिलीनं:
गुंडू चौगले, क्लच प्लेट, बाकी चौदा रुपये.
बाहेर ऑइलपेंटनं नट, बोल्ट, वायसर, बेरिंग,
आणि शेवटच्या खणावर 'इतर'.
सगळं 'इतर'मध्येच होतं.

पुण्याच्या बाईंना असंच एक बाकडं हवंय
स्वयंपाकघरात मधोमध ठेवायला.
"डाग राहू द्या," म्हणाल्या, "वास तेवढा घालवा."

मागच्या मंगळवारी लक्ष्मीपुरीत, एका गोदामाच्या मागे,
सात फुटी, बाभळीची तीन इंची फळी.
शेगड्याची चार भोकं,
तीन ओळीत आणि चौथं
बोटभर बाहेर.

अकरा वर्षांचा होतो. आनंदा लोहारांनी
हातड्रिल दिलं आणि खूण करून दिली.
मी खुणेकडे बघत होतो
आणि भोक दुसरीकडे पडत होतं.
त्यांनी मारलं नाही. फुंकर मारून भुसा उडवला,
"असू दे. तीन बोल्टांवर धरंल त्यो,
तू मोठा होईस्तवर."
मी मोठा झालो तेव्हा तिथं मोबाइलचं दुकान होतं.

टेप लावला. आमचं बाकडं माझ्या छातीला लागायचं,
हे कमरेला लागतंय.
हे माप काही धरता येत नाही.
उलटं केलं, दोघांनी मिळून.
खाली खडूनं, पुसट: मिरज, बस स्टँडमागे.
आनंदा मामा मिरजेला कधी गेले नाहीत,
डोळे दाखवायलासुद्धा नाही.

म्हणजे तिकडंही एक पोरगं होतं.
त्याला मारलं की नाही, ते लाकडावर दिसत नाही.

सहा हजार सांगितले, सहा हजार दिले.
गोदामवाला नोटा मोजायचा थांबला.
"काय गावलं रं तुला यात?"

आता अंगणात आहे, पत्र्याखाली. पुसलेलं नाही.
शेगडा बसवला, तीन बोल्टांवर. धरतो.
चौथ्यात माझी करंगळी जाते
दुसऱ्या पेरापर्यंत.
बाईंना कळवलंय, हे नाही,
दुसरं दाखवतो.